जानरावचं परमिट

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. रहीमभाई दोनच्या ड्युटीला सायकल घेऊन निघाले, तेव्हा सूनबाई नमरानं डब्याच्या पिशवीत एक कांदा टाकला. "अब्बा, ऊन लई आहे, डोक्यावरचा रुमाल काढू नका," ती म्हणाली. तिच्या कडेवरच्या दुआनं आजोबांची दाढी ओढली. रहीमभाईंनी नातीचे तळवे हातात घेऊन हलवले आणि ते निघाले. एवढंच. अशा दिवशी घरातून निघताना माणसाला काही कळत नाही. कळलं असतं, तर ते निघालेच नसते.

मेडशीहून तीन किलोमीटरवर, उघड्या माळावर, सबस्टेशन होतं. तारेचं कुंपण, आत सतत गुणगुणणारे दोन मोठे ट्रान्सफॉर्मर, आणि एक खोली. खोलीत स्विचांची कपाटं, टेबल, रजिस्टर आणि एक जुना काळा फोन. रहीमभाई तिथले ऑपरेटर. एकतीस वर्षं झाली होती. तासातासाला काटे बघायचे, आकडे लिहायचे, लाइन बंद करायची, चालू करायची. बसून करायचं काम, पण बोट चुकलं तर दूर कुठेतरी माणूस जळतो.

म्हणून परमिटचा नियम असतो. वायरमनला खांबावर चढायचं असलं, की तो ऑपरेटरकडून परमिट घेतो. ऑपरेटर लाइन बंद करतो आणि स्विचवर पाटी लावतो, "माणूस लाइनवर आहे". काम झालं की त्याच वायरमननं परमिट परत करायचं. त्याच्या भावानं नाही, साहेबानं नाही, सरपंचानं नाही. ज्यानं घेतलं, त्यानंच. तोवर आभाळ कोसळलं तरी लाइन सोडायची नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या वादळात या भागातले चाळीस खांब आडवे झाले होते. अकरा दिवस गावं अंधारात होती. त्यानंतर कामं निघाली. सिमेंटचे खांब काढून लोखंडी आले, खोल खड्ड्यात काँक्रीट ओतून पक्के बसवले. उघड्या तारांच्या जागी वेष्टणाच्या तारा आल्या. आणि सर्वांत मोठं काम म्हणजे इथली लाइन पलीकडच्या पांगरटाक्याच्या सबस्टेशनला जोडली. एका बाजूनं तुटली, तर दुसऱ्या बाजूनं वीज यायची. हे जोडायचं काम याच हिवाळ्यात पुरं झालं. पेढे वाटले गेले.

रहीमभाईंनीही पेढा खाल्ला. पण मनात त्यांना बरं वाटलं नव्हतं. आधी या लाइनला एकच दार होतं आणि त्याची कडी त्यांच्या हाताखाली होती. आता दुसरं दार झालं होतं.

त्यांना दाराची भीती का, ते सांगतो.

मागच्या वर्षी, असल्याच वादळात, जानराव नावाचा वायरमन परमिट घेऊन लाइनवर गेला. तास झाला, दोन तास झाले. साहेबांचे फोन, गावाचे फोन. मग गावातून एकानं कळवलं, "जानरावभाऊ उतरले, माह्या ओट्यावर चहा पिऊन राह्यले. सोडा लाइन." खांबाजवळ रेंज नव्हती. रहीमभाईंनी जानरावचा आवाज ऐकायची वाट पाहिली नाही. त्यांनी बटन दाबलं. चहा पिऊन जानराव एक जोड घट्ट करायला पुन्हा वर चढला होता.

साहेब यायला अर्धा तास होता. तेवढ्या वेळात रहीमभाईंनी रजिस्टरच्या रिकाम्या रकान्यात लिहिलं: "परमिट परत. जानराव, स्वतः, फोनवरून."

मग चौकशीत ठरलं, की जानरावनं परमिट परत केलं आणि स्वतःच्या बेफिकिरीनं पुन्हा चढला. गावानं त्यावर आपलं घातलं, प्यायलेला असेल. जानराव आयुष्यात कधी प्यायला नव्हता. त्याची बायको रामीबाई खाली मान घालून सगळं ऐकत राहिली.

आणि त्यानंतरच्या प्रत्येक वादळात तो काळा फोन वाजायचा. रहीमभाई उचलायचे. आधी नुसता वारा ऐकू यायचा. मग हळू, दमलेल्या आवाजात...

"रहीमभाऊ... जानराव बोलून राह्यलो. परमिट परत... सोडा लाइन."

पहिल्या वेळी त्यांना तीन दिवस ताप होता. मग ते शिकले. फोन वाजला, की उचलायचा, ऐकायचा आणि खाली ठेवायचा. दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही. काय सांगणार? त्यांनीच लिहिलं होतं, की तो फोनवरून परत करतो. तो करत होता.

त्या दिवशी चार वाजता मालेगावच्या बाजूनं आभाळ काळं झालं. काळं म्हणजे पावसाचं नव्हे. जांभळट, सडलेल्या वांग्यासारखं. वारा एकदम थांबला. तापलेल्या मातीचा आणि जळक्या तारेचा वास खोलीत भरला. मग गारा आल्या. टिनाच्या छपरावर कोणी खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज झाला आणि कपाटातले स्विच एकामागून एक खाडखाड पडले. बाहेरची गुणगुण बंद झाली. एकतीस वर्षं कानाला चिकटलेला तो आवाज गेला, की खोली मेल्यासारखी वाटायची. बॅटरीवरचा एकच पिवळा दिवा उरला.

साडेपाचला मोईन आला. रहीमभाईंचा मुलगा, चार वर्षांपासून कंत्राटी वायरमन. अंगावरून पाणी गळत होतं.

"अब्बा, नवे खांब एकही हालले नाहीत," तो हसून म्हणाला. "पण नाल्याजवळ आख्खी बाभूळ तारेवर येऊन बसली. दुसरे सगळे मालेगावकडं अडकले. मलेच चढा लागन. द्या परमिट."

"एकटा?"

"मंग तुमी येता का वर, गुडघे घेऊन?"

रहीमभाई हसले नाहीत. त्यांनी लाइनचा स्विच पक्का बंद केला, पाटी लावली, पांगरटाक्याला फोन केला. तिथला ऑपरेटर दौलतसिंग महिनाभरापूर्वीच इंझोरीकडून बदलून आला होता. बोलका माणूस. "बंद केली भाई, माझ्याकडूनबी बंद. पाटी लावली. पोराले सांगा, आरामात कर, दौलतसिंग बसला आहे पहारा देत."

मोईननं सही केली. जाताना दाराशी थांबून म्हणाला, "मी आल्याशिवाय सोडू नका बरं." रोजच म्हणायचा. सगळेच वायरमन म्हणतात.

तो गेला. सहा वाजले. बाहेर अंधार दाटला. गारा थांबल्या, पण वारा कुंपणाच्या तारांतून शिट्ट्या घालत राहिला. टॉवर बंद पडल्यानं मोबाईल मेले होते. रहीमभाई काळ्या फोनकडे बघत बसले. आता वाजेल. आजवरच्या प्रत्येक वादळात या वेळेपर्यंत वाजला होता.

फोन वाजला नाही.

साडेसहा झाले. वाजला नाही. त्यांनी उचलून पाहिला, आत नेहमीची घरघर होती. फोन चालू होता. माणसाला ज्याची भीती वाटते ते आलं नाही, तर त्याला सुटल्यासारखं वाटावं. रहीमभाईंच्या पाठीतून मात्र थंड पाणी उतरलं.

तेवढ्यात फाटकावर मोटरसायकलींचे दिवे आले. पंधरा-वीस माणसं. पुढं रविकांत, मेडशीतला तरुण भाजीवाला, ओला, डोळे लाल.

"रहीमभाई, लाइन सोडा!"

"पोरगं वर आहे, बाबू."

"माही बायको दवाखान्यात अडली आहे! इन्व्हर्टर बसला. डॉक्टरीण मोबाईलच्या उजेडात हात लावाले भेऊन राह्यली. काय करू मी? तिले अंधारात मारू?"

"तो उतरला की एका मिनिटात..."

"दोन बाजूनं लाइन आणली म्हणून पेढे खाल्ले न तुमी? आता दोन्हीकडून अंधारच काहून?"

मागून कोणी ओरडलं, "तुह्या पोराचा जीव जीव, अन् आमचा काय भुसा?"

दुसरा म्हणाला, "मागच्या साली जानराव वर होता तवा बरी झटकन सोडली होती यानं!"

"तो पिऊन होता बे," तिसरा म्हणाला, आणि काही जण हसले.

एक दगड आला. खिडकीची काच फुटून टेबलावर पडली. रहीमभाई दारात उभे राहिले, एक हात चौकटीवर. त्यांना बोलता आलं असतं. जानराव प्यायलेला नव्हता, एवढं तरी. तोंड उघडलं नाही.

"थांबा," ते म्हणाले. "मारा पाहिजे तर. पण आत येऊ देणार नाही."

रविकांत थुंकला. "चला रे, पांगरटाक्याले जाऊ. तिथूनबी सुटते." अर्ध्या मोटरसायकली वळल्या. अर्धी माणसं फाटक हलवत राहिली.

आणि तेव्हा फोन वाजला.

रहीमभाईंनी धावत जाऊन उचलला. वारा नव्हता. दौलतसिंगचा मोकळा, खुश आवाज होता.

"भाई, मोकळे झालो! तुमचं परमिट परत आलं. मी माझ्या बाजूनं सोडतो, तुमी तुमचं मागून करा."

"कोणी... कोणी परत केलं?"

"तुमच्या वायरमननं. आत्ताच फोन आला. जानराव नाव सांगितलं. म्हणे, काम झालं, पोरगं खाली उतरलं, सोडा. लई थकेल वाटला बिचारा."

त्यांचं दार त्यांनी वर्षभर धरून ठेवलं होतं. तो दुसऱ्या दारानं आला होता.

"दौलतसिंग, हात लावू नको! जानराव मेला आहे. वर्ष झालं."

पलीकडं हसू आलं. "मेलेला माणूस फोन करते का? अंधारात डोळा लागला वाटते तुमचा. भाई, अथी साहेब दुसऱ्या फोनवर बोंबलून राह्यले, दवाखान्यात बाई अडली म्हणे. मी दाबतो."

"परमिट मोईननं घेतलं. मोईननंच परत करा लागते!"

"मीबी तेच म्हटलं त्याले. नवा असलो तरी नियम माहीत आहे. तर तो म्हणते कसा... रहीमभाऊले विचारा. माह्या नावानं फोनवर परमिट परत येते, ते मान्य करतात. त्यायच्या रजिस्टरात लिहेल आहे, म्हणे. खरं आहे न?"

खिडकीच्या फुटक्या काचेतून वारा आला आणि रजिस्टरची पानं उलटू लागली. फाटकावर माणसं कड्या आपटत होती. नाल्याजवळ, अंधारात, मोईनचे दोन्ही हात तारेवर होते.

"खरं आहे," रहीमभाई म्हणाले. "लिहेल आहे."

"मंग झालं तर..."

"ते खोटं आहे! ऐक. मी खोटं लिहिलं. त्यानं परत केलं नव्हतं. दुसऱ्याच्या सांगण्यावर मी लाइन सोडली. मीच मारलं त्याले. अन् नोकरी जाईल म्हणून त्याच्या नावावर लिहिलं." ते ओरडत होते. फाटकावरची माणसं गप्प झाली होती, आवाज तिथवर गेला होता. "दौलतसिंग, वर माहा पोरगा आहे. तुह्या पाया पडतो. बोट काढ."

दौलतसिंगचा श्वास ऐकू येत होता. रहीमभाईंना स्वतःचा ऐकू येत होता. आणि त्या दोघांच्या मधे, तारेत कुठेतरी, तिसरा श्वास होता. हळू, ओला.

"काढलं," दौलतसिंग कुजबुजला. "काढलं बोट. भाई... लाइनवर कोण आहे हे?"

तिसरा आवाज म्हणाला, "...आता लिहा."

मग नुसती घरघर उरली.

सव्वासातला मोईन आला. फाटकावरच्या माणसांनी त्याला न बोलता वाट करून दिली. रहीमभाईंनी त्याला जवळ घेतलं. अंग बर्फासारखं गार होतं, पण पावसात भिजून आलेला माणूस गारच असणार. मोईननं टेबलाशी जाऊन सही केली.

"परमिट परत," तो म्हणाला.

"लई वेळ लागला, बेटा."

"एकट्याचं काम नव्हतं ते." एवढंच बोलला.

रहीमभाईंनी पाटी काढली, पांगरटाक्याला कळवलं, बटन दाबलं. लाइननं भार घेतला. दूर मेडशीचे दिवे एकेक करून उगवले. थोड्या वेळानं रविकांतचा निरोप आला, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. शिवीही नव्हती त्यात, आभारही नव्हते.

मोईन घरी निघाला. त्याच्या मोटरसायकलचं मागचं चाक दबल्यासारखं वाटलं. "हवा पाहून घे," रहीमभाई म्हणाले. त्यानं ऐकलं नसावं.

झाडं पडून मालेगावकडचा रस्ता बंद झाला होता, त्यामुळे तिकडून येणारा पुढचा ऑपरेटर आलाच नाही. रहीमभाई रात्रभर तिथंच बसले. त्यांनी मागच्या वर्षीचं रजिस्टर काढलं, ती ओळ खोडली आणि तिच्याखाली खरं लिहिलं, नाव, तारीख, सही. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं. कोणी साक्षीदार नव्हता, तरी सही झाल्यावर त्यांना खोलीतलं कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. छातीवरचा दगड थोडा हलला. पुढं नोकरी जाईल, पोलीस येतील, जे व्हायचं ते होईल.

सकाळी ते थेट रामीबाईंच्या दारी गेले. घर मेडशीच्या वाटेवरच, नाल्याच्या अलीकडं. रामीबाई अंगणात गारांनी झडलेला कडुलिंबाचा पाला झाडत होत्या. रहीमभाईंनी रुमाल काढून हातात घेतला आणि उभ्यानं सगळं सांगितलं. एक अक्षर लपवलं नाही.

रामीबाईंनी झाडू थांबवला नाही.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"कोणी सांगितलं?"

"त्यायनंच. आन् कोण सांगीन?" त्यांनी पाला एका बाजूला लोटला. "वादळ आलं की येतात. तथी, छपराखालच्या पायरीवर बसतात. आत या म्हटलं तर येत नाहीत. म्हणतात, परमिट परत झालं नाही, घरी कसा येऊ? सकाळी पायरी ओली राह्यते."

रहीमभाई पायरीकडं न बघता म्हणाले, "वहिनी, आता लिहिलं मी खरं. आता ते शांत होतील."

रामीबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. त्या डोळ्यांत माया नव्हती, रागही संपलेला होता.

"काल मी दिवा लावून वाट पाहत बसली. काल ते आले नाहीत," त्या म्हणाल्या. "पायरी पाहा. कोरडी आहे. वर्षात पहिल्यांदा. मंग काल कोणाच्या घरी गेले असतील, रहीमभाऊ?"

रहीमभाईंनी सायकल कशी चालवली, त्यांना आठवत नाही.

घराच्या ओट्यावर उन्हात नमरा बसली होती. दुआ तिच्या मांडीवर. दुपारसारखं ऊन चढलं होतं, तरी ती आत गेली नव्हती.

"मोईन कोठी आहे?"

"झोपले आहेत," ती हळू बोलली. "दोघंबी."

"दोघं?"

"यांच्यासोबत रात्री एक जण आले न. मी म्हटलं, तुमच्याकडचेच कोणी असतील. चिंब ओले होते, बोलले नाहीत काही. यांनी आपल्या बाजूले जागा दिली, मी चादर दिली." तिनं दुआला छातीशी धरलं. "अब्बा... दुआ आत जायले तयार नाही. दारात नेलं की श्वास कोंडून घेते."

रहीमभाई उंबऱ्यावर गेले. आतल्या खोलीत अंधार होता. जळक्या तारेचा मंद वास होता. जमिनीवरच्या गादीवर दोघं जण डोक्यापर्यंत चादरी ओढून शेजारी शेजारी झोपले होते. चादरीखालून चार पाय बाहेर आले होते.

चारही ओले होते. चारही एकाच रंगाचे, राखाडी, न हालणारे, मेलेल्या माणसाचे असावेत तसे. अंगठ्यापासून टाचेपर्यंत सारखे.

ज्या पोराला त्यांनी बोट धरून चालायला शिकवलं होतं, त्याचे पाय त्यांतले कोणते, हे बापाला ओळखता येईना. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं...

आणि नाव घ्यायच्या आधीच, दोन्ही चादरी एकाच वेळी हलल्या.